एका आकड्याचा न्याय
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



हे व्याख्यान वाचणारा एक असला, तरी लिहिणारे आम्ही चौघे आहोत. दोघांची नोकरी इथल्याच, मंडीदीपच्या कारखान्यांत उत्पादन विभागात गेली. एक जणी हिशेब खात्यात होत्या. चौथ्या बाई शाळेत गणित शिकवत. ‘संस्थेची कार्यक्षमता कशी मोजावी’ हा विषय फलकावर लागला तेव्हा मंडळातल्या एका काकूंनी आम्हाला स्पष्टच विचारले, “अहो, गणपतीत हे कशाला? त्यापेक्षा नाट्यगीतं ठेवा की!” काकूंचे म्हणणे आम्हाला पटले. नाट्यगीतांचा कार्यक्रम परवा आहेच. पण लोकमान्यांनी १८९३ मध्ये या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले तेव्हापासून आरतीबरोबर व्याख्यानही चालत आले आहे, आणि लोकमान्य स्वतः गणिताचे शिक्षक होते. तेव्हा आजची संध्याकाळ थोड्या हिशेबाला द्यावी, ही विनंती.

हा विषय आम्हाला का घ्यावासा वाटला, ते आधी सांगतो. गेल्या वर्षी कार्यकारिणीच्या बैठकीत मंडळाच्या सर्व उपक्रमांचा एक तक्ता मांडला गेला. प्रत्येक उपक्रमाचा खर्च, त्यापुढे उपस्थिती आणि शेवटच्या रकान्यात माणशी खर्च. संगीताची रात्र सगळ्यांत स्वस्त पडली, कारण हॉल भरलेला होता. सगळ्यांत महाग पडला रविवारचा मराठी बालवर्ग. मुले अवघी चौदा, आणि खर्च मात्र वर्षभराचा. कोणीतरी म्हणाले, “आकडे समोर आहेत, वर्ग बंद करू.” निर्णय वार्षिक सभेपर्यंत पुढे ढकलला गेला. ती सभा आता जवळ आली आहे.

तक्त्यात चूक एकही नव्हती. बेरजा बरोबर होत्या, भागाकार बरोबर होते. तरीही आम्हा चौघांच्या मनाला तो तक्ता टोचला, कारण असा एक तक्ता आम्ही पूर्वी पाहिला होता.

आमच्यापैकी एक जण ज्या कारखान्यात होता, त्याचे नाव घेत नाही. तिथे तीन पाळ्यांची तुलना करायचे ठरले. मोजमाप सोपे होते : पाळीत किती टन माल निघाला, भागिले किती माणसे. रात्रपाळी सलग सहा महिने तळाला राहिली. बैठक झाली, तक्ता फिरला, सह्या झाल्या आणि रात्रपाळीतले सात कंत्राटी कामगार कमी केले गेले. त्या तक्त्यावर आमचीही सही होती. पुढे वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी जुन्या नोंदवह्या चाळताना लक्षात आले, की मोठ्या, सलग चालणाऱ्या ऑर्डरी दिवसपाळीला मिळत आणि लहान-लहान ऑर्डरी रात्रीवर ढकलल्या जात. प्रत्येक लहान ऑर्डरीला साचा बदलायचा, यंत्र थांबवायचे, पुन्हा जुळवायचे. साचे बदलण्याचे काम रात्रपाळी उत्तम करत होती, पण तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणजे काम नाही! ती सात माणसे तोवर कुठल्या कुठे गेली होती. पीथमपूरला गेली की गावी परतली, आम्हाला कळले नाही.

म्हणून आज जे सांगतो आहोत ते नुसते पुस्तकातले नाही. ही पद्धत तेव्हा आम्हाला ठाऊक असती तर आम्ही सही करण्याआधी निदान चार प्रश्न विचारले असते.

अर्थशास्त्रात ‘आदान’ आणि ‘प्रदान’ असे दोन शब्द आहेत. आदान म्हणजे आत काय गेले : माणसे, वेळ, वीज, पैसा, कच्चा माल. प्रदान म्हणजे बाहेर काय आले. वासिली लिओन्तिएफ या अर्थशास्त्रज्ञाने देशातल्या एका उद्योगाचे प्रदान दुसऱ्याचे आदान कसे होते याचे मोठे कोष्टक मांडले आणि त्याला १९७३ मध्ये नोबेल मिळाले. आपला आजचा प्रश्न त्याहून लहान, पण रोजचा आहे. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या अनेक शाखा, पाळ्या, शाळा किंवा आगारे असतील, तर त्यांतले कोण आपल्या आदानाचा चांगला उपयोग करते, हे कसे ओळखायचे?

आदान एक आणि प्रदान एक असेल तर भागाकार पुरतो. स्कूटर लिटरला किती किलोमीटर जाते, संपला प्रश्न. अडचण आदाने अनेक झाली की येते. चला, स्वयंपाकघरात जाऊ.

चार घरांनी नैवेद्याला प्रत्येकी शंभर उकडीचे मोदक केले असे समजा. मोदक सारखेच चांगले. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, तेव्हा नारळाच्या भावावरून वाद नको. पहिल्या घराने तयार सारण आणले, साचे वापरले : ४ तास लागले, १,६०० रुपये खर्च झाले. दुसऱ्या घराने पिठी विकत आणली, सारण घरी केले : ८ तास, ८०० रुपये. तिसऱ्या घरातल्या आजींनी तांदूळ धुऊन, वाळवून दळून आणले, नारळ स्वतः खवले, प्रत्येक मोदक हाताने वळला : १६ तास, ४०० रुपये. चौथ्या घराला १० तास लागले आणि खर्च झाला २,००० रुपये.

आता नुसता वेळ पाहिला तर सर्वांत मागे कोण? तिसरे घर. आजींना दुप्पट-चौपट वेळ लागला. आमचा पाळ्यांचा तक्ता असा होता. त्याने आजींना घरी बसवले असते आणि चौथ्या घराला तिसरा क्रमांक दिला असता. नुसता पैसा पाहिला तर उलट आजी पहिल्या आणि साचेवाले घर तिसरे. मग खरे कोणते?

कोणी म्हणेल, वेळेची किंमत लावा आणि एकच बेरीज करा. पण कोणाच्या वेळेची? नोकरी करणाऱ्या सुनेचा तास आणि निवृत्त आजींचा तास सारख्या भावाने कसा मोजणार? इथे ही पद्धत एक उदार गोष्ट करते. ती प्रत्येक घराला सांगते : तासाचा भाव तुमचा तुम्ही ठरवा. तुम्हाला सर्वांत सोयीचा असेल तो घ्या. अट एकच. त्याच भावाने इतर तिघांचाही हिशेब करायचा आणि सर्वांत कमी खर्चाला शंभर गुण द्यायचे.

आजी म्हणतात, तासाला ५० रुपये. मग त्यांचे १६ तासांचे ८०० आणि वरचे ४००, एकूण १,२००. दुसऱ्या घराचेही १,२०० येतात. पहिल्याचे १,८००, चौथ्याचे २,५००. आजींना शंभर गुण. साचेवाले घर म्हणते, तासाला २०० रुपये. त्यांचे ८०० अधिक १,६००, म्हणजे २,४००. दुसऱ्या घराचेही २,४००. दोघांना शंभर. आता चौथ्या घराची पाळी. त्यांनी २०० रुपये भाव घेतला तर त्यांचे होतात ४,००० आणि गुण ६०. भाव ५० घेतला तर ४८. पाचशे घेतला तर एकावन्न. कोणताही भाव घ्या, साठच्या वर गुण जात नाहीत.

म्हणजे स्वतःच्या सर्वांत सोयीच्या मापानेही शंभर गाठता येत नाहीत, तेव्हा मापावर रुसायला जागा उरत नाही. शिवाय पद्धत तिथेच थांबत नाही. चौथ्या घराने कोणाकडे पाहावे हेही ती सांगते. पहिले आणि दुसरे घर यांचा निम्मा-निम्मा मेळ घातला तर ६ तास आणि १,२०० रुपये येतात. चौथ्या घराचे १० तास आणि २,००० रुपये यांचे बरोबर साठ टक्के. त्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या घरी जाऊन बघायचे. आजींकडे जाण्याचा त्यांना उपयोग नाही, कारण आजींची रीतच निराळी.

या पद्धतीला ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ म्हणतात. एन्व्हलप म्हणजे आवरण. ही चार घरे आलेखावर चार ठिपके म्हणून काढा, आडवा अक्ष वेळेचा, उभा पैशाचा. पहिले, दुसरे आणि तिसरे घर यांच्यातून रेघ ओढली की ती सगळ्या ठिपक्यांना खालून कवेत घेते. चौथे घर रेघेच्या वर, लांब राहते. ते रेघेपासून किती दूर, तेवढी त्याची उणीव. मूळ कल्पना १९५७ मध्ये एम. जे. फॅरेल यांनी मांडली. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी तिला आजचे गणिती रूप दिले. १९८४ मध्ये बँकर, चार्न्स आणि कूपर यांनी तिच्यात लहान आणि मोठ्या आकाराच्या संस्थांमधला फरक धरण्याची सोय केली. त्यांतले राजीव बँकर हे भारतीय वंशाचे. चार घरांचे गणित आपण तोंडी केले. शाखा आणि रकाने वाढले की ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ लागते, आणि तेही आज साध्या एक्सेलमध्ये होते.

आमच्या गणिताच्या बाईंना यातला एक तपशील फार आवडला. ही पद्धत वाढली ती कारखान्यात नव्हे, शाळांत. अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘फॉलो थ्रू’ नावाचा सरकारी शिक्षण-कार्यक्रम होता. त्यातल्या शाळा बाकीच्या शाळांपेक्षा बऱ्या की नाहीत, हे तपासायचे होते. नफा-तोटा हे माप तिथे चालणारच नव्हते. प्रदान म्हणून त्यांनी वाचन आणि गणित यांबरोबर मुलांचा आत्मविश्वासही धरला. आदानात शिक्षकांची संख्या होती आणि आईचे शिक्षणही होते. ज्या मुलाची आई शिकलेली, त्याची शाळा काही अंतर आधीच चाललेली असते, हे त्यांनी हिशेबात घेतले.

आता जरा महाराष्ट्रात जाऊ. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची ती कामगिरी सर्वांना ठाऊक आहे. तेव्हापासून कारखान्याची हुशारी मोजायचा लोकप्रिय आकडा म्हणजे उतारा : शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली. उसाचा रास्त व किफायतशीर दरही उताऱ्याशी बांधलेला आहे. गेल्या काही हंगामांत त्यासाठी १०.२५ टक्के हा पायाभूत उतारा धरला गेला. म्हणजे या एका आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात.

पण कोल्हापूरकडचा उतारा मराठवाड्यापेक्षा चांगला असतो तो मुख्यतः जमीन, हवामान आणि पाण्यामुळे. पंचगंगेकाठच्या उसाची गोडी दुष्काळी तालुक्यातल्या उसात कुठून आणायची? कारखान्याचा व्यवस्थापक तिथे काय करणार? पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट दरवर्षी कारखान्यांना तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कार देते, ते दक्षिण, मध्य आणि उत्तर-पूर्व असे विभाग पाडून. सारख्याची तुलना सारख्याशी करावी, हे शहाणपण त्यात आहे.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. २०१८ नंतर बऱ्याच कारखान्यांनी बी-हेवी मळी आणि उसाचा रस इथेनॉलकडे वळवायला सुरुवात केली. जी साखर पोत्यात गेली असती ती टाकीत गेली. मग नुसती पोती मोजली तर उतारा घसरलेला दिसतो, आणि कारखाना मात्र इथेनॉलचे पैसे कमावतो. प्रदानाच्या रकान्यात इथेनॉल आणि सहवीज धरली नाही, तर शहाणा निर्णय घेणारा कारखाना कागदावर नापास होतो.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणत्याच रकान्यात नसते. हंगाम आला की बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुलांची शाळा मध्येच सुटते. तोडणीचा दर खर्चात येतो, पण सुटलेली शाळा येत नाही. गणित कितीही सूक्ष्म असू द्या, जे लिहिलेच नाही ते त्याला दिसत नाही.

इथे आपल्या मंडीदीपकडेही बघायला हवे. आपल्याकडे ग्राफाइटचे इलेक्ट्रोड होतात, ट्रॅक्टर होतात, औषधे होतात, तांदूळ पॅक होतो. ग्राफाइटसाठी भट्टी जवळजवळ ३,००० अंशांपर्यंत तापवावी लागते. तिची वीज तांदळाच्या पॅकिंगशी ताडून पाहणे म्हणजे हत्ती आणि उंदीर यांचा चारा मोजणे. उंदीर गणपतीचे वाहन असला तरी! ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१२ मध्ये मोठ्या ऊर्जाखाऊ कारखान्यांसाठी ‘पॅट’ योजना सुरू केली. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने होते. सर्वांना एकच काठी न लावता प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या वापरावरून लक्ष्य दिले गेले. लक्ष्याच्या पुढे जाणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळत, आणि मागे राहणाऱ्याला ती विकत घ्यावी लागत.

पण वीज मोजली जाते कारण तिचे बिल येते. पाण्याचे काय? इथून जवळच उगम पावणारी बेतवा आपल्या शेजारून वाहते. उद्योग पाणी आत घेतो ते आदानात लिहितो. बाहेर जे सोडले जाते तेही प्रदानच आहे, फक्त नकोसे. अशा नकोशा प्रदानाचा रकाना मांडण्याची सोयही आता या पद्धतीत आहे. तो मांडायचा की नाही, हे मात्र गणित ठरवत नाही. ते आपण ठरवायचे असते.

पद्धतीचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर आम्ही तिचे विक्रेते ठरू. शाखा थोड्या आणि रकाने पुष्कळ असतील तर जवळजवळ सगळेच शंभर गुण मिळवतात, कारण प्रत्येकाला आपली एखादी बाजू सापडते. साधारण नियम असा, की आदाने आणि प्रदाने मिळून जितके रकाने, त्याच्या किमान तिप्पट शाखा हव्यात. आमच्या मोदकांना तीन रकाने, म्हणजे नऊ घरे लागली असती. आम्ही चारच घेतली, समजावण्यापुरती. दुसरे, शंभर गुण म्हणजे उत्तम नव्हे, या गटातला उत्तम. सगळाच गट सुस्त असेल तर सुस्तांतला पहिलाही शंभर मिळवतो. तिसरे, पुढच्या रेघेवरच्या एखाद्या घराने आकडा खोटा लिहिला, तर त्याच्याशी ज्यांची तुलना होते त्यांचे गुण उगाच घसरतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे. साठ गुण ही शिक्षा नव्हे, तो प्रश्न आहे. चौथ्या घरी जाऊन विचारायचे, “का हो, काय झाले?” कदाचित सासूबाई आजारी असतील आणि दर अर्ध्या तासाला उठावे लागले असेल. कदाचित उकड बिघडून पहिला घाणा टाकून द्यावा लागला असेल. एकाला मदत हवी, दुसऱ्याला शिकवणी. आम्ही रात्रपाळीला जाऊन हा प्रश्न विचारला नव्हता.

आता बालवर्गाकडे येतो.

आम्ही चौघांनी गेले दोन महिने बसून त्या वर्गाचा हिशेब पुन्हा मांडला. पहिली गोष्ट, संगीताच्या रात्रीशी त्याची तुलना काढून टाकली. रात्र एक असते आणि वर्ग वर्षभर चालतो. तुलना केली ती वर्गाच्या स्वतःच्या मागच्या वर्षांशी. दुसरी गोष्ट, प्रदानात नुसती हजेरी न धरता तीन गोष्टी धरल्या : मूल मराठी वाचू लागले का, चार वाक्ये लिहू लागले का, आणि आजी-आजोबांशी फोनवर मराठीत बोलते का. शेवटची गोष्ट पालकांना विचारून लिहिली. तिसरी गोष्ट, आदानात घरची भाषा धरली. इथल्या बऱ्याच घरांत आई-बाबाच आपसात हिंदी बोलतात. आम्हीही बोलतो. त्या मुलाला ‘ळ’ शिकवायला जास्त रविवार लागणारच.

असा हिशेब केल्यावर वर्ग सर्व दोषांतून सुटला का? नाही. दोन उणिवा निघाल्या आणि त्या आम्ही इथे उघड सांगतो. वर्ग दोन तासांचा, पण खोली दिवसभराची भाड्याने घेतली जाते. वर्षानुवर्षे तसेच चालत आले म्हणून कोणी विचारले नाही. आणि पटावर चौदा मुले असली तरी नियमित येतात नऊच. उरलेली पाच का येत नाहीत, हे पालकांना विचारल्यावर कळले, की रविवारी सकाळी त्यांची शिकवणी असते. वर्ग संध्याकाळी घेतला आणि खोली दोन तासांचीच घेतली, तर खर्च उतरेल आणि मुले वाढतील. पहिल्या तक्त्याने वर्ग बंद करा असे सांगितले होते. या हिशेबाने वेळ बदला असे सांगितले. तक्त्यातला पैसा दोन्हीकडे तोच होता.

आकड्यांवर राग धरू नका, अशी आमची विनंती आहे. “भावनेचा प्रश्न आहे, हिशेब नको” असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने आम्ही नाही. भावनेच्या नावाखाली आपण दिवसभराचे भाडे भरतच होतो. पण वार्षिक सभेत कोणताही तक्ता समोर आला की एवढे विचाराच : रकाने कोणी ठरवले? ज्यांचे काम मोजले, त्यांना विचारले का? तुलना कोणाशी केली? आणि तळाला जो राहिला, त्याच्याकडे जाऊन कोणी आले का?

आम्हाला हे चार प्रश्न फार उशिरा सुचले. सात घरांना त्याची किंमत मोजावी लागली. चौदा मुलांच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. गणपती ही बुद्धीची देवता आहे. सभेत हात वर करण्याआधी ती त्याने आपल्याला द्यावी, एवढेच मागणे मागून आम्ही थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!